पुळणीवरचा साबुदाणा: वाळूतलं प्लास्टिक घरच्या घरी कसं शोधावं

पाऊस नुकताच उघडला होता. आठवीतला एक पोरगा मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात आला आणि त्याने मूठ टेबलावर उपडी केली. "ताई, समुद्रावर साबुदाणा वाहून आलाय." पांढरट, काही पिवळसर, मसुराएवढे गोल-चपटे दाणे. मी म्हटलं, भिजत घाल. दुसऱ्या दिवशी सकाळी बीकर पाहिला तर एकही दाणा फुगला नव्हता. फुगणं राहू दे, एकही बुडालासुद्धा नव्हता. साबुदाणा पाण्यात टाकला की तळाला जातो, हे उपास करणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असतं.

मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. काचेची नळी फुटली की पहिली हाक मला. शास्त्रज्ञ नाही, पण चोवीस वर्षं मिठाची द्रावणं करतेय, आणि या कामाला मुख्यतः तेवढंच लागतं.

ते दाणे म्हणजे प्लास्टिकच्या कारखान्यांचा कच्चा माल. 'नर्डल' म्हणतात त्यांना. बादली असो, खुर्ची असो नाहीतर पाण्याची टाकी, सगळं हे दाणे वितळवूनच बनतं. वाहतुकीत पोती फुटतात, कंटेनर समुद्रात पडतात. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल नावाचं जहाज पेटलं, त्यातून सुमारे १,६८० टन दाणे सांडले आणि श्रीलंकेचे किनारे पांढरे झाले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हा केरळच्या पुळणींवरही असेच दाणे लागले. आमच्याकडचे कुठून आले, ते दाण्यांवर लिहिलेलं नसतं.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हा शब्द रुळला तो २००४ पासून, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधामुळे. काही तुकडे जन्मतःच लहान असतात, जसे हे दाणे. बाकीचे उन्हाने आणि लाटांनी मोठ्या वस्तूंचे झालेले असतात: दोरखंडाची कुसं, पिशवीच्या चिंध्या, थर्माकोलचे मणी. ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही. निदान पहिल्या पायरीला तरी नाही.

वाळू कधी आणि कुठून घ्यायची

उधाणाच्या भरतीनंतर जा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोन दिवसांत, ओहोटी लागल्यावर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी वरपर्यंत चढत नाही आणि कचऱ्याची रेघही नीट उमटत नाही. ही रेघ महत्त्वाची. भरतीने जिथपर्यंत शेवाळ, सुरूच्या काड्या, शिंपल्यांचा चुरा आणून टाकलेला असतो, तिथेच प्लास्टिकही येऊन बसतं. पाण्यालगतची ओली वाळू घेतलीत तर जवळजवळ काही मिळणार नाही, आणि "आमचा किनारा स्वच्छ आहे" असा फुकटचा अभिमान वाटेल.

रेघेवर ५० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा. आम्ही लाकडी पट्ट्यांची चौकट केली आहे, पण चार काटक्या आणि सुतळीनेही भागतं. जागा घाणेरडी बघून निवडू नका, स्वच्छ बघूनही नको. मुलांना मी डोळे मिटून शिंपला फेकायला लावते. तो जिथे पडेल तिथून सर्वांत जवळच्या रेघेवर चौकोन. मोठे तुकडे आधी हाताने उचला आणि वेगळे मोजा. मग वरची फक्त इंचभर वाळू स्टीलच्या पत्र्याने खरवडून घ्या, नीट कालवा आणि त्यातली अर्धा किलो स्टीलच्या डब्यात भरा. उरलेली तिथेच पसरा.

घरी ती सुती कापडाखाली झाकून वाळवा. मग गव्हाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळा. वर शिंपले राहतील, आणि दाणे, टोपणांचे तुकडे असले तर तेही राहतील. खालची वाळू बरणीत जाणार.

खारं पाणी

सगळी करामत घनतेची. साध्या पाण्यावर पिशवीचं आणि टोपणांचं प्लास्टिक तरंगतं, पण जाळ्याचं नायलॉन बुडतं. पाण्यात मावेल तेवढं मीठ घातलं की पाण्याची घनता १ वरून साधारण १.२ होते आणि मग नायलॉनही वर येतं. वाळूची घनता २.६ च्या आसपास, ती तळाशीच बसते. आमच्याकडची काळी वाळू तर त्याहून जड.

एक लिटर पाण्याला ३६० ग्रॅम मीठ. खडे मीठ घ्या, स्वस्त पडतं. आजी कैऱ्या खारात घालायची तेव्हा करायची तसंच: पाणी उकळायचं, मीठ विरघळवायचं, गार करायचं. तळाला चिमूटभर मीठ न विरघळता उरलं की समजा, झालं. अंडं तरंगतंय का बघून थांबू नका, ते फार आधी तरंगायला लागतं.

आता एक गंमत. हे खारं पाणी वापरायच्या आधी तेच गाळावं लागतं, कारण मिठातच प्लास्टिक असतं. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी बाजारातल्या आठ ब्रँडचं समुद्री मीठ तपासलं, आठहीत सापडलं. त्यांनी उपायही सुचवला होता: मिठागरात घेण्याआधी समुद्राचं पाणी वाळूच्या थरातून गाळलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त प्लास्टिक अडतं. आपण घरी चौपदरी धुतलेलं सुती कापड वापरायचं. वस्त्रगाळ.

बरणी

लोणच्याची काचेची बरणी घ्या, रुंद तोंडाची. ती परातीत ठेवा. अर्धा किलो वाळू टाका, वर बरणी तीन चतुर्थांश भरेल इतकं खारं पाणी. स्टीलच्या उलथन्याने दोन मिनिटं तळापासून ढवळा आणि मग हात काढून घ्या. इथे मुलांचा धीर सुटतो. वाळू मिनिटभरात बसते, पण गढूळपणा तासभर जात नाही, आणि त्या धुरकट पाण्यातून एकेक ठिपका सावकाश वर येत असतो. पहिल्यांदा निळ्या दोराचा एवढासा धागा तळातल्या वाळूतून सुटून, गिरकी घेत, पृष्ठभागावर येऊन आडवा झाला तेव्हा वर्गात कुणी बोललं नव्हतं. आमच्या वर्गात ही दुर्मीळ गोष्ट.

पाणी निवळलं की बरणीच्या कडेने हळूच आणखी खारं पाणी ओतत राहा, म्हणजे वरचा थर ओसंडून परातीत पडेल. बरणी वाकडी करू नका, वाळू हलते. परातीतलं पाणी पांढऱ्या सुती कापडातून गाळा. असं तीनदा करा. पहिल्या खेपेला सगळं वर येत नाही.

कापडावर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त काडीकचरा असतो. चिमटा, टाचणी आणि भिंग घेऊन बसा. टाचणीने दाबून बघा: पानाचा तुकडा चुरडतो, शिंपला कट्कन मोडतो, प्लास्टिक दबून पुन्हा उभं राहतं. शंका असेल तर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, शिंपला असेल तर बुडबुडे येतील. तरीही ठरत नसेल तर टाचणी गॅसवर लाल करून टेकवा, प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं. हे मोठ्या माणसाने आणि खिडकी उघडून करायचं. दोऱ्यांचं सोपं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी जाडी, एकच भडक रंग आणि कुठे फाटा फुटलेला नाही, तर बहुतेक कृत्रिम.

माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी आमच्या नमुन्यात गडद निळे धागे सतरा निघाले. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. एका मुलीने भिंगातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुमची ओढणी." ओढणी जॉर्जेटची होती आणि सतराच्या सतरा धागे तिचेच. तेव्हापासून या कामाला सुती साडी, ती शक्यतो लाल, म्हणजे पडलाच धागा तर ओळखू येतो. पंखा बंद. प्लास्टिकचा चमचा, मग, बादली काही नाही. आणि शेजारी एका बशीत ओलं पांढरं कापड नुसतं उघडं ठेवायचं, काम चालू असेपर्यंत. त्यावर जितके धागे पडतील तितके आपल्या आकड्यातून वजा. ही बशी नसेल तर तुमच्या मोजणीवर माझा विश्वास नाही.

वहीत तारीख, तिथी, जागा, रंगाप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे आकडा लिहा. पुढच्या वेळी त्याच पट्ट्यात जा. एका दिवसाच्या आकड्याने काही कळत नाही.

एवढं करूनही तुमचा आकडा कमीच असणार. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि पीव्हीसी दोन्ही या खाऱ्या पाण्यापेक्षा जड, ते वाळूतच राहतं. आणि फार बारीक कण डोळ्याने नीट ओळखता येत नाहीत. ते बघायला रामन स्पेक्ट्रोस्कोपी लागते, म्हणजे आपल्या सी. व्ही. रामन यांनी शोधलेल्या परिणामावर चालणारं यंत्र.

दाण्यांतले पिवळे पडलेले वेगळे ठेवा. दाणा जितका जास्त दिवस समुद्रात, तितका पिवळा, आणि तितकी पाण्यातली विषारी द्रव्यं त्याने पृष्ठभागावर ओढून घेतलेली. जुनी कीटकनाशकं, पीसीबी नावाची कारखान्यांतली रसायनं. टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा २००५ पासून जगभरच्या किनाऱ्यांवरचे असे दाणे टपालाने मागवून त्यांची तपासणी करत आले आहेत. प्लास्टिक हा तिथे कचरा नाही, समुद्र काय काय पितोय त्याची नोंदवही आहे.

मासळीचं काय

हर्णैला लिलावाच्या वेळी कोणालाही विचारा, बांगड्याच्या पोटात प्लास्टिक निघतं का? हसतील, कारण बांगडा साफ करताना आतडी कोण उघडून बघतं! आम्ही बघितली. बाजारातून आणलेल्या बांगड्यांची पोटं काचेच्या बशीत चिरून भिंगाखाली धरली, काहींत दोरे होते, बऱ्याचशांत काही दिसलं नाही. मुलांना वाटलं, आता घरी मासे बंद. तसं नाही. मोठे कण मुख्यतः आतड्यात असतात आणि आपण आतडी फेकतो.

प्रश्न ज्यांचं सगळंच खाल्लं जातं त्यांचा: जवळा (बारीक कोळंबी), कालवं, तिसऱ्या. तिसऱ्या आणल्या की मिठाच्या पाण्यात चार-पाच तास ठेवून वाळू ओकू द्यायची आपली जुनी रीत आहे. ती घाई न करता पाळा, मध्ये एकदा पाणी बदला. वाळूबरोबर पोटातलं थोडं प्लास्टिकही बाहेर पडतं. सुका जवळा पुळणीवर नायलॉनच्या जाळ्यावर वाळलेला असतो. नुसता निवडून भाजू नका, दोन पाण्यांत धुऊन घ्या. चव जाते म्हणणारे आमच्याही घरात आहेत. त्यांनी धुतलेलं पाणी एकदा पांढऱ्या कापडातून गाळावं.

जलचरांचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं आहे. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी कालवांना दोन महिने पॉलिस्टायरीनचे बारीक कण असलेल्या पाण्यात ठेवलं. त्यांची अंडी ३८ टक्क्यांनी कमी झाली. कण पोटात गेले की अन्नातून ताकद मिळण्यात अडथळा येतो, आणि जी ताकद पिल्लांसाठी राखायची ती जगण्यातच संपते. कालवं मरत नाहीत, फक्त पुढच्या वर्षी कमी असतात. खडपावर कालवं फोडायला जाणाऱ्या बायका "पूर्वीसारखी मिळत नाहीत" म्हणतात, त्याची कारणं पुष्कळ असतील. सगळं प्लास्टिकच्या माथी मी मारणार नाही.

आणि आपल्या पोटात

"आपण आठवड्याला एका एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक खातो" हा निरोप तुम्हालाही दहा वेळा आला असेल. तो २०१९ च्या एका अहवालातला अंदाज. नंतरच्या हिशेबांत आकडा त्याहून कित्येक पटींनी कमी निघाला. पालकसभेत हे सांगितलं की लोक सुस्कारा टाकतात, म्हणून लगेच पुढचंही सांगते. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक होतं. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांकडे पाहिलं. १५० जणांच्या धमनीतून काढलेल्या थरात पॉलिथिन सापडलं, आणि प्लास्टिक सापडलेल्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट होता. प्लास्टिकमुळेच तसं झालं, हे यावरून सिद्ध होत नाही. पण मी स्वयंपाकघरात काही गोष्टी बदलल्या.

सगळ्यांत आधी गरम वस्तू आणि प्लास्टिक यांची भेट बंद. टपरीवरून पिशवीत चहाचं पार्सल, गाठ मारून, वाफाळता: याहून वाईट काही नाही. कागदी कप बरा असं वाटतं, पण त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर सुमारे २५,००० कण उतरले. शाळेत शिपाईमामा आता स्टीलची किटली घेऊन जातात, पेले आमचे. डबाही स्टीलचा. बाळाचं दूध प्लास्टिकच्या बाटलीतच द्यायचं असेल तर पावडर गरम पाण्यात कालवायची ती स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, कोमट झाल्यावर बाटलीत. बाटलीत गरम ओतून खळाखळा हलवणं सर्वांत वाईट.

पाणी उकळल्याने प्लास्टिक जातं का? जातं, पण सगळीकडे सारखं नाही. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी पाच मिनिटं उकळून, गार करून गाळलं तर ९० टक्क्यांपर्यंत कण कमी होतात. उकळताना जो पांढरा खार बसतो, तो कणांभोवती गोठतो आणि कण गाळात अडकतात. मृदू पाण्यात हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास. माझी बहीण लातूरला असते, तिच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला महिन्याभरात पापुद्रा धरतो. तो पापुद्रा आयुष्यभर शिव्या खात आला, आता तिला म्हटलं, गाळून घे, तुझ्या कामाचा आहे. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू. मला उकळून फार फायदा नाही, जंतूंसाठी उकळते तेवढंच.

कपड्यांचं थोडक्यात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त धागे सुटले. यंत्र पूर्ण भरून लावा, गार पाण्याने, आणि स्वेटर रोज धुवायचा नसतो.

खरा उपाय मात्र बंदरावरच आहे, आणि तो बिनखर्चाचा. जाळी दुरुस्त करताना नायलॉनची कापलेली टोकं तिथेच वाळूत पडतात. आमच्या बरणीत सर्वांत जास्त निळे-हिरवे धागे याच टोकांचे. मुलांनी जाळी विणायला बसणाऱ्या काकांच्या शेजारी तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे ठेवले. पहिल्या आठवड्यात डब्यात विडीची थोटकं निघाली. मग एका मुलाच्या आजोबांनी स्वतःच दुरुस्तीच्या सुईला सुतळीने डबा बांधून ठेवला, म्हणजे सुई उचलली की डबा ओढला जातो. आता त्या एका डब्यात तंगूस (नायलॉनची तार) आणि दोऱ्याची टोकं भरतात. बाकी सगळीकडे अजून विडीची थोटकंच.

राहिलं खारं पाणी. फेकू नका, गाळून चार-पाच वेळा वापरता येतं. प्रत्येक वेळी तळाला मीठ उरतंय ना, एवढं पाहायचं. शेवटी पुन्हा एकदा वस्त्रगाळ करून आम्ही शाळेच्या आवारातल्या माडाच्या आळ्यात ओततो, तसंही माडाला आपण मीठ घालतोच. कापडावरचा गाळ कागदाच्या पुडीत, पुडीवर तारीख. आणि त्या पोराचा साबुदाणा अजून कपाटात आहे, बीकरमध्ये, पाण्यावर तरंगत. नव्या आठवीला पहिल्या दिवशी मी तो दाखवते आणि विचारते, कोण खिचडी करेल?